कातळावरची पिनो न्वार

आमचे हे बोटीवरची नोकरी संपवून कायमचे घरी आले, तेव्हा आठवडाभरातच माझ्या लक्षात आलं की ह्यांना ताबडतोब काहीतरी उद्योग लावून दिला नाही, तर माझं स्वयंपाकघर माझ्या हातून जाणार.

एकतीस वर्षं हे मालवाहू जहाजांवर चीफ कुक होते. नऊ महिने समुद्रात, तीन महिने घरी. त्या तीन महिन्यांत मी त्यांना जेवल्या ताटावरून हलू द्यायचे नाही. पाहुण्याला कोण काम सांगतं? मी इथल्या एका शाळेत विज्ञान शिकवलं, मुलगी वाढवली, रत्नागिरीच्या वरच्या अंगाला कातळावर घर बांधून घेतलं, बोअरला पाणी लागेपर्यंत तीन ठिकाणी जमीन फोडून घेतली. सगळं एकटीनं आणि माझ्या पद्धतीनं. आणि आता हे आले ते ॲप्रन घेऊनच.

पहिल्या सोमवारी डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. हळदीच्या डब्यावर ‘हळद’. आत हळद आहे हे झाकण काढल्यावर मलाही दिसत होतं. मंगळवारी सगळे झारे, पळ्या, उलथणी भिंतीवर हुकांना टांगली गेली.

“जहाज कितीही डोललं तरी पडत नाहीत,” हे म्हणाले.

“घर डोलत नाही,” मी म्हटलं.

बुधवारी फ्रीजवर आठवड्याचा मेनू लागला. त्यात शुक्रवारी सुरमई होती. शुक्रवारी बाजारात बांगड्याशिवाय काही आलं नाही. ह्यांना तो बांगड्यांचा उद्धटपणा वाटला.

म्हणून एका सकाळी चहा पिताना “घरापुढच्या खळ्यात एक वेल लावावी म्हणतोय” असं हे म्हणाले, तेव्हा कुठली वेल, कशाची वेल, मी काही विचारलं नाही.

“लावा,” म्हटलं. “आजच लावा.”

वेल द्राक्षाची होती. आणि द्राक्षही साधं नव्हे, पिनो न्वार.

ह्यामागची हकिगत मला पाठ होती. फार वर्षांपूर्वी फ्रान्सच्या कुठल्याशा बंदरात हे कांदे-बटाटे घ्यायला उतरले आणि पावसात अडकले. ज्या दुकानात अडकले तिथल्या म्हातारीनं दुपारच्या जेवणाला बसताना ह्यांच्यापुढेही एक पेला ठेवला. तिला इंग्रजी येत नव्हतं, ह्यांना फ्रेंच येत नव्हतं. पेल्यात फिकट लाल वाइन होती. एरवी हे पिणाऱ्यातले नव्हेत. बोटीवर जन्म काढूनही नव्हेत. पण तो पेला ह्यांनी पाऊस थांबेपर्यंत पुरवला. “पातळ होती, हलकी होती, आणि गिळल्यावर कितीतरी वेळ तोंडातून जाईना,” असं हे सांगायचे. म्हातारीनं बाटलीवरचं नाव कांद्याच्या पिशवीवर लिहून दिलं. तो कागदाचा तुकडा आमच्या कपाटात लग्नाच्या फोटोंबरोबर आहे.

आता निवृत्त झाल्यावर ह्यांनी मोबाइलवर त्या द्राक्षाचा अभ्यास केला. त्याची साल फार पातळ. ऊन जास्त झालं की करपतं, पाऊस झाला की कुजतं, दमट हवेत बुरशी धरतं, मुळाशी पाणी साचलं की मरतं. त्याला दिवसा ऊब आणि रात्री थंडी लागते. फ्रान्समध्ये पिढ्यान् पिढ्या हेच करणाऱ्यांनासुद्धा ते रडवतं म्हणे.

“मग आपल्याकडे कसं होणार?” मी विचारलं.

“काळजी घ्यायची,” हे म्हणाले.

सूर अगदी गंभीर होता. आमच्या मुलीच्या बारशालाही हे आले नव्हते, बोट अडकली होती. पण ते आता बोलून काय उपयोग.

आमच्या कुंपणाच्या दगडी गडग्यापलीकडे ह्यांचा शाळेतला मित्र राहतो. त्याची हापूसची बाग आहे. मी त्यांना भावोजी म्हणते. कातळाला सुरुंग लावून, लांबून माती आणून त्यांनी दोनशे कलमं जगवली आहेत, त्यामुळे झाडांच्या बाबतीत ते कुणाचं ऐकत नाहीत. वेलीच्या खड्ड्यासाठी कातळ फोडणाऱ्या ब्रेकरचा आवाज ऐकून ते गडग्याशी आले.

“काय रे लावतोस?”

“पिनो न्वार.”

“पिनो नवा? मग जुना कुठाय?”

ह्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. भावोजींनी तितक्याच शांतपणे ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, “वहिनी, ह्यानं हे काय डोक्यात घेतलंन्? द्राक्ष म्हणजे घाटावरचं पीक. काजू लाव म्हणावं. काजूला कोणी विचारत नाही तरी येतो.”

“भावोजी,” मी हळूच म्हटलं, “गेले चार दिवस हे माझ्या स्वयंपाकघरात आलेले नाहीत.”

मग त्यांनी स्वतः दोन पाट्या चांगली माती टाकून दिली.

जानेवारीत नाशिककडच्या एका रोपवाटिकेतून तीन रोपं एसटीनं आली. एक वाटेतच गेलं होतं. दुसरं भावोजींच्या गाईनं गडग्यावरून मान घालून खाल्लं. दोन्ही घरांत त्यावर आठवडाभर बोलणं बंद होतं. उरलं ते तिसरं, बोटाएवढी काडी आणि तिला दोन पानं.

त्या काडीनं आमच्या घराचा ताबा घेतला. उन्हाळ्यात तिच्यावर माझ्या दोन जुन्या वॉयलच्या साड्यांचा मांडव पडला. कातळ तापतो म्हणून बुंध्याभोवती ओलं गोणपाट. मातीचं तापमान रोज तीनदा मोजायचं, ते ह्यांच्या जुन्या लॉगबुकच्या कोऱ्या पानांवर लिहायचं. मोजायला स्वयंपाकातलं थर्मामीटर होतं ते बिघडलं, तेव्हा ह्यांनी तापाचं घेतलं. एप्रिलमध्ये मला खरोखरच ताप आला. मी कण्हत पडले असताना हे थर्मामीटर घेऊन आले, माझ्या काखेत ठेवलं, आकडा बघितला, “शंभर पॉइंट चार” म्हणाले आणि तेच थर्मामीटर झटकत खळ्यात निघून गेले. परत आले ते म्हणत, “तिला तुझ्यापेक्षा कमी आहे.”

पावसाळा आला तेव्हा साड्या जाऊन प्लॅस्टिकचं छप्पर आलं. पाऊस वरून अडला, पण कोकणातला पाऊस काय फक्त वरून येतो? हवाच ओली. पानांवर पांढरे ठिपके दिसायला लागले. भावोजी सुपारीवर मारतात ते मोरचूद आणि चुन्याचं पाणी त्यांनी आपणहून आणून दिलं. ते फ्रान्समध्येही द्राक्षावरच मारायला शोधून काढलं होतं असं ह्यांनी सांगितलं, तेव्हा भावोजी प्रथमच थोडे प्रभावित झाले. पण फवारणीनं भागेना. पानं सुकायला वारा पाहिजे. मग एक दिवस हॉलमधला टेबलफॅन दिसेना. खळ्यात बघते तर प्लॅस्टिकखाली स्टुलावर फॅन फिरतोय, आणि पुढे ती काडी गार वारा खात डुलतेय.

“आणि मला?” मी म्हटलं.

“तू पातळ सालीची नाहीस,” हे म्हणाले.

दोन दिवसांत सगळ्या आळीत बातमी झाली. भावोजी मंडणगडहून आलेल्या आपल्या व्याह्यांना घेऊन मुद्दाम दाखवायला आले. व्याही बराच वेळ बघत उभे राहिले आणि शेवटी मला म्हणाले, “ताई, जावयाला आम्ही इतकं करत नाही.” वीज जायची तेव्हा हे सुपानं वारा घालायचे. एकदा ह्यांना बँकेत जायचं होतं आणि नेमकी वीज गेली. मी सूप घेऊन बसले. सुरुवातीला चिडूनच बसले. मग जवळून बघितलं तर पानाच्या समोरच्या बाजूला एक हिरवा तणावा फुटलेला, गुंडाळी होऊन काहीतरी धरायला शोधत असलेला. मी एक वाळकी काटकी पुढे केली. हे परत आले तेव्हा मी विचारलं, “उद्या बघाल का, धरते का ती?” ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं बोटीवर कोणी नवीन खलाशी भरती झालाय.

असे दोन पावसाळे गेले. दुसऱ्यानंतर ऑक्टोबरात ह्यांनी छाटणी केली. आणि डिसेंबरात घड दिसले. नऊ. माझ्या मुठीत मावतील एवढे लहान, दाणे इतके दाटीचे की मधून सुई जाऊ नये. आता गांधीलमाश्या, बुलबुल, खारी, वानरं, सगळ्यांना कसं कळलं देव जाणे. हे घरात गेले आणि आपल्या गणवेशाचे पांढरे मोजे घेऊन आले. प्रत्येक घडाला एक मोजा, वर सुतळीची गाठ. जोडी हरवलेला नववा मोजा कित्येक वर्षांनी उपयोगी पडला.

भावोजींच्या बायकोला, म्हणजे आमच्या शेजारच्या वहिनींना, गडग्यावरून ते दिसलं. त्यांनी हाक मारून विचारलं, “मोजे वाळत घातलेत की उगवलेत?”

एक मोजा वानरानं नेला. एका घडाचे दाणे उन्हानं फुटले. फेब्रुवारीच्या अखेरीस सकाळी सहा वाजता आम्ही उरलेले सात घड तोडले. ह्यांनी आंघोळ करून, मी गजरा माळून. गजरा का माळला ते मला अजून सांगता येत नाही.

आता खरं संकट. द्राक्षं चुरायची, सालीसकट आठ-दहा दिवस आंबवायची, आणि जागा थंड हवी. फेब्रुवारीतच आमचा हॉल तापतो. हे खोलीचं तापमान मोजायचं नवं थर्मामीटर घेऊन घरभर हिंडले. न्हाणीघर, माळा, कपाटाच्या आत. शेवटी देवघरातून हाक आली.

“अगं, इथे बाहेरच्यापेक्षा सहा अंश कमी आहे!”

आमचं देवघर आतल्या बाजूला, जांभ्या दगडाच्या जाड भिंती, खिडकी नाही. मला ह्यांचा डाव कळला.

“देवघरात दारू?” मी ओरडले.

“दारू कुठाय? आत्ता रस आहे.”

“आणि दहा दिवसांनी?”

“दहा दिवसांनी आपण बाहेर काढू.”

मी दोन तास बोलले नाही. पण खरं सांगायचं तर माझं मन आतून फितूर होतं. ‘किण्वन: शर्करेचे अल्कोहोलमध्ये रूपांतर’ हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं आणि एकदाही डोळ्यांनी बघितलं नव्हतं. दुपारी मी उठले, देवांना नमस्कार करून परिस्थिती सांगितली आणि सगळे देव हॉलमधल्या शोकेसमध्ये हलवले. तिथे ह्यांनी बंदराबंदरांतून आणलेल्या वस्तू असतात. बाळकृष्ण सिंगापूरच्या सिंहाशेजारी आणि अन्नपूर्णा एका डच पवनचक्कीखाली. देवघरात लोणच्याची चिनीमातीची बरणी गेली, नऊ वेळा उकळत्या पाण्यानं धुतलेली, ओल्या गोणपाटात गुंडाळलेली. फ्रान्समध्ये पायानं तुडवतात असं हे म्हणाले. मी ह्यांच्या टाचांकडे बघितलं आणि रवी आणून दिली.

तिसऱ्या दिवशी बरणी बोलायला लागली. साली फुगून वर आलेल्या, खालून बुडबुडे. हे रोज दोनदा आंघोळ करून, धूतवस्त्र नेसून त्या साली खाली ढकलायचे. त्यांनी देवपूजा इतकी मन लावून केल्याचं मला आठवत नाही. मीही शाळेतून आणलेली जुनी वही काढून निरीक्षणं लिहायला लागले.

आणि पाचव्या दिवशी वहिनी हळदीकुंकवाचं बोलावणं करायला आल्या. त्यांची नजर शोकेसकडे गेली.

“देव बाहेर कसे?”

“आत रंग काढायचाय,” मी म्हटलं. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलेलं.

“आणि आत काय वाजतंय?”

“पाइप.”

“देवघरात पाइप?”

“म्हणून तर रंग काढायचाय. ओल आली आहे.”

त्यांनी हवेत दोनदा वास घेतला, “पाव आणलेत वाटतं,” म्हणाल्या आणि गेल्या. संध्याकाळी भावोजी डिस्टेंपरची अर्धी बादली आणि मोठा ब्रश घेऊन हजर! त्यांच्याकडे उरलेला, पिस्त्याच्या रंगाचा. “ओल कुठाय दाखवा, मी बघतो,” म्हणाले. ह्यांनी त्यांना पडवीतच पकडून दीड तास पनामा कालव्याबद्दल सांगितलं. पुढे बरणी हलवल्यावर आम्हाला देवघर खरंच रंगवावं लागलं. आमचे देव आज पिस्त्याच्या रंगात बसतात आणि बरे दिसतात.

गाळून, निवळून, तळाचा गाळ सोडून जे उरलं ते कोकम सरबताच्या एका बाटलीत अर्ध्यापर्यंत आलं. दोन वर्षं, एक टेबलफॅन, दोन साड्या आणि नऊ मोजे, ह्यातून अर्धी बाटली. हे म्हणाले, निदान वर्षभर मुरू दे. मी हो म्हटलं. पण मेमध्ये आमरस करून ठेवायची वेळ आली आणि फ्रीजमध्ये बाटल्यांना जागा पुरेना. मी म्हटलं, “एक तर रस, नाहीतर ती.” भावोजी आणि वहिनींना बोलवायचं ठरलं. आता खरं काय ते सांगावंच लागलं. वहिनी गालाला हात लावून म्हणाल्या, “म्हणजे तो पाइप!”

रविवारी दुपारी चारला आम्ही चौघं पडवीत बसलो. भावोजींनी फणसाचे तळलेले गरे आणले. वाइनचे पेले नव्हते, आइस्क्रीमच्या काचेच्या वाट्या घेतल्या. मी खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजून समान वाटणी केली.

भावोजींनी वाटी उन्हात धरली. “आमचं कोकम ह्याच्यापेक्षा लाल असतं.”

“पिनो फिकीच असते,” हे म्हणाले.

ह्यांनी आधी वास घेतला, मग एक घोट तोंडात धरला. डोळे मिटले. आम्ही तिघंही स्वतःच्या वाटीला तोंड न लावता ह्यांच्या तोंडाकडे बघत होतो. एवढी काळजी मला दहावीच्या निकालाची कधी वाटली नाही, आणि पोरं नापास होणार हे तेव्हा मला आधीच माहीत असायचं.

ह्यांनी गिळलं. डोळे उघडले.

“वाईट आहे,” म्हणाले.

वहिनींनी गऱ्यांची ताटली ह्यांच्याकडे सरकवली.

“वाईट आहे,” ह्यांनी परत सांगितलं, आणि चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं, “पण पिनोच आहे.”

भावोजींनी एका दमात वाटी संपवली आणि “सर्दीला चालेल” असा निकाल दिला. वहिनींनी जिभेच्या टोकानं चाखून उरलेली नवऱ्याच्या वाटीत ओतली, मग विचार बदलून परत आपल्या वाटीत घेतली. आणि मी? मी जन्मात कधी घेतली नव्हती. पहिला घोट आंबट लागला, मग तुरट, करवंदाची साल चावल्यासारखा. त्याच्यामागून पावसाळ्यात भिजलेल्या मातीचा काहीतरी. सगळ्यात शेवटी, अगदी स्पष्ट, माझं लिंबाचं लोणचं. नऊ वेळा धुतलं तरी बरणी आपला धर्म सोडत नव्हती.

“मला आवडली,” मी म्हटलं.

“उगाच बरं वाटावं म्हणून बोलू नकोस,” हे म्हणाले.

“तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी कधी काही बोलले आहे?”

हे जरा आठवायला लागले, आणि पटल्यासारखं दिसलं. मी वाटी पुढे केली. गाळासकट तळाशी राहिलेलं होतं ते ह्यांनी मला दिलं. त्या दुपारी मी भावोजींना पनामा कालव्याची माहिती सांगितली म्हणे.

त्या वर्षी पाऊस जूनमध्ये लागला तो थांबेचना. ऑगस्टमध्ये चार दिवस वीज नव्हती. आम्ही आळीपाळीनं सूप घेऊन बसलो. भावोजीसुद्धा एक दुपार बसले. पण दुखणं पानांत नव्हतं, मुळात होतं. कातळातल्या त्या खड्ड्यात खालून पाणी भरलं होतं. पानं पिवळी पडली, मग बुंधा नखानं खरवडला तर आत तपकिरी. ह्यांनी लॉगबुकात तारीख लिहिली, फॅन पुसून हॉलमध्ये आणून ठेवला, आणि पडवीतल्या खुर्चीत बसले.

दोन दिवस ते तिथेच बसून होते. स्वयंपाकघरात आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम हळदीचा डबा मोहरीच्या जागी ठेवला आणि ह्यांना पाणी प्यायला आत बोलावलं. बघितलंही नाही त्यांनी. तेव्हा मात्र मला भीती वाटली.

हे आंघोळीला गेले तेव्हा मी लॉगबुक उघडलं. पहिल्याच पानावर रोपवाटिकेचा नंबर होता. फोन कोणा पुरुषानं उचलला. मागे ट्रॅक्टर चालू होता.

“पिनो न्वारची रोपं पाहिजेत,” मी म्हटलं.

“किती एकर?”

“तीन.”

“तीन एकर?”

“तीन रोपं.”

“कुठे लावणार?”

“रत्नागिरीला.”

पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला. “बाई,” तो माणूस समजुतीनं म्हणाला, “तिकडे नाही होत हो ती.”

“झाली होती,” मी म्हटलं. “सात घड.”

मग त्यानं विचारलं, पाण्याचा निचरा कसा आहे. मी म्हटलं, वाईट आहे, ह्या वेळी खड्डा न खोदता वर चौथरा बांधून त्यात लावायची म्हणते, खाली खडी टाकून. हे मी त्या क्षणी ठरवलं होतं. तो म्हणाला, चौथरा दोन फूट तरी उंच घ्या. मी लॉगबुकात लिहून घेतलं. मागे न्हाणीघराचं दार वाजलं आणि ओले पाय लादीवर थांबले.

“कोणाशी बोलतेस?” ह्यांनी विचारलं.

मी हातानं थांबा म्हटलं, कारण तो माणूस पत्ता विचारत होता.